ब्रिटनमधील टीव्ही परवाना : कोणाला हवा, कोणाला नको आणि न घेतल्यास काय होते

ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरात राहायला आल्यावर पहिल्या महिनाभरात दाराच्या फटीतून जी पत्रे आत पडतात, त्यांत एक पाकीट हमखास असते. त्यावर आपले नाव नसते. ‘या पत्त्यावरील कायदेशीर रहिवाशास’ अशा अर्थाचे दोन-तीन शब्द असतात. आत लिहिलेले असते की या पत्त्यावर टीव्ही लायसन्सची नोंद नाही आणि परवान्याशिवाय टीव्ही पाहणे हा गुन्हा आहे. नवागत मराठी माणसाच्या दोनच प्रतिक्रिया होतात. काहीजण घाबरून त्याच संध्याकाळी पैसे भरून टाकतात, गरज असो वा नसो. काहीजण ते पत्र पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत टाकतात.

दोन्ही प्रतिक्रिया नियम न वाचता दिलेल्या असतात. पहिलीत वर्षाला पावणेदोनशे पौंडांच्या आसपास रक्कम विनाकारण जाऊ शकते. दुसरीत फौजदारी न्यायालयातील दोषसिद्धी पदरी पडू शकते आणि व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबासाठी ती दंडाच्या रकमेपेक्षा बरीच महाग ठरू शकते. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेणे हिताचे आहे.

परवाना संचावर नाही, वापरावर

आपल्यापैकी ज्यांचे बालपण सत्तरच्या दशकात गेले, त्यांना घरातील रेडिओच्या परवान्याचे पुस्तक आठवत असेल. दरवर्षी टपाल कार्यालयात जाऊन त्यावर शुल्काची नोंद करून घ्यावी लागे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतर टीव्हीसाठीही तसाच परवाना लागू लागला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर भारताने ही पद्धत मोडीत काढली. तो परवाना संचाचा होता : घरात रेडिओ आहे, म्हणजे परवाना हवा. हीच समजूत घेऊन आपण ब्रिटनमध्ये येतो आणि येथेच घोटाळा होतो.

ब्रिटनमध्ये आज लागू असलेला कायदा म्हणजे २००३ चा कम्युनिकेशन्स ॲक्ट. त्याच्या ३६३व्या कलमानुसार परवान्याशिवाय ‘टीव्ही रिसीव्हर’ वापरणे, अथवा तसा वापर करण्याच्या हेतूने तो बाळगणे हा गुन्हा आहे. परंतु टीव्ही रिसीव्हर कशाला म्हणायचे, हे यंत्राच्या आकारावर ठरत नाही. त्यावर आपण काय पाहतो यावर ठरते. भिंतीवर पंचावन्न इंची टीव्ही असून त्यावर फक्त नेटफ्लिक्सवरील मालिका आणि मुलांचे व्हिडिओ गेम चालत असतील, तर परवाना लागत नाही. उलट घरात टीव्हीच नसेल, पण मोबाइलवर एखादी वाहिनी थेट पाहिली जात असेल, तर परवाना लागतो.

एकेकाळी टीव्ही विकणाऱ्या दुकानदाराला ग्राहकाचे नाव आणि पत्ता परवाना यंत्रणेला कळवावा लागत असे. ते बंधन २०१३ मध्ये रद्द झाले. तरीही ‘टीव्ही विकत घेतला म्हणजे लायसन्स आलेच’ असे जुने रहिवासी नव्यांना अजून सांगतात. ते बरोबर नाही.

नियम दोन वाक्यांत सांगता येतो. परवाना लागतो तो

– कोणत्याही वाहिनीवरील कार्यक्रम, प्रक्षेपण चालू असतानाच, कोणत्याही उपकरणावर पाहण्यासाठी किंवा ध्वनिचित्रमुद्रित करण्यासाठी;
– बीबीसी आयप्लेअरवरील काहीही पाहण्यासाठी अथवा उतरवून घेण्यासाठी, मग ते थेट असो वा मागाहून पाहिलेले.

यातील दुसरी अट १ सप्टेंबर २०१६ पासून लागू झाली. त्यापूर्वी आयप्लेअरवर जुने कार्यक्रम परवान्याशिवाय पाहता येत असत. रेडिओसाठी मात्र परवाना लागत नाही. रेडिओचा स्वतंत्र परवाना १९७१ मध्येच संपला. बीबीसी साउंड्सवर कसोटी सामन्याचे धावते वर्णन ऐकायला एक पेनीही भरावी लागत नाही.

‘थेट’ म्हणजे नेमके काय? आणि मराठी वाहिन्यांचे काय?

‘आम्ही बीबीसी पाहतच नाही, मग तिला पैसे का द्यायचे?’ हा प्रश्न आपल्या बैठकींमध्ये वारंवार निघतो. भावनेच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. कायद्याच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही. परवान्याचे पैसे मुख्यत्वे बीबीसीला मिळतात, हे खरे. पण परवान्याची गरज बीबीसीपुरती मर्यादित नाही. आयटीव्ही, चॅनल फोर, स्काय यांच्याप्रमाणेच परदेशी वाहिन्या थेट पाहण्यासाठीही परवाना हवा, अशी टीव्ही लायसन्सिंगची स्पष्ट भूमिका आहे.

आपल्या घरांतील नेहमीच्या सवयी या कसोटीवर तपासून पाहू.

स्काय किंवा व्हर्जिनचे मासिक शुल्क भरून भारत-इंग्लंड कसोटी थेट पाहत असाल, तर परवाना हवा. कंपनीला दिलेले पैसे तिच्या सेवेचे असतात. परवाना त्याहून वेगळा असतो.

एखाद्या ॲपवर किंवा सेट टॉप बॉक्सवर मराठी मनोरंजन वाहिनी भारतात चालू आहे त्याच वेळी पाहत असाल, तर परवाना हवा. त्याच मालिकेचा कालचा भाग झी फाइव्हसारख्या ॲपवर आपल्या सवडीने पाहत असाल, तर नको.

विधानसभेच्या निकालाच्या दिवशी यूट्यूबवर मराठी वृत्तवाहिनीचे थेट प्रक्षेपण लावून बसत असाल, तर परवाना हवा. कारण यूट्यूब येथे केवळ वाहक आहे, पाहिली जाते ती वाहिनीच. त्याच वाहिनीने नंतर चढवलेली पाच मिनिटांची बातमी पाहण्यास नको.

पुण्याहून भावाने व्हॉट्सॲपवरून दाखवलेली घरच्या गणपतीची आरती? ती थेट असली तरी टीव्हीचा कार्यक्रम नव्हे. परवान्याचा तिच्याशी संबंध नाही.

कार्यक्रम सुरू असताना मध्येच थांबवून दहा मिनिटांनी पुढे पाहिला, किंवा मुद्रित करून शनिवारी पाहिला, तरी परवाना लागतोच. आयटीव्हीएक्स किंवा चॅनल फोरच्या ॲपवर मागचे भाग मागाहून पाहण्यास लागत नाही. नेटफ्लिक्स किंवा ॲमेझॉन प्राइम यांच्यावर एखादा क्रीडासामना थेट दाखवला जातो, तेव्हा मात्र तोच थेटपणाचा नियम लागू होतो. सेवेचे नाव पाहू नये, प्रक्षेपणाची वेळ पाहावी, हे सूत्र लक्षात ठेवले तर बहुतेक शंका आपोआप सुटतात.

एक घर, एक परवाना. पण ‘घर’ कोणते?

परवाना व्यक्तीच्या नावावर निघतो, पण तो पत्त्याला लागू असतो. एका कुटुंबाच्या घरात कितीही टीव्ही, लॅपटॉप आणि मोबाइल असले तरी एकच परवाना पुरतो. सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आईवडील त्याच घरात राहत असतील, तर त्यांच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. दुसरे घर घेतले आणि तेथेही थेट टीव्ही पाहिला जाणार असेल, तर सर्वसाधारणपणे त्यासाठी दुसरा परवाना घ्यावा लागतो.

सामायिक घरांचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. नोकरीसाठी नव्याने आलेले तीन-चार सहकारी मिळून घर घेतात, तेव्हा सर्वांच्या सह्या असलेला एकच संयुक्त भाडेकरार असेल, तर एक परवाना पुरतो. प्रत्येकाचा आपापल्या खोलीपुरता स्वतंत्र करार असेल, तर आपल्या खोलीत थेट टीव्ही पाहणाऱ्याने स्वतःचा परवाना घ्यावा लागतो. भाडेकरार करतानाच हा तपशील वाचून ठेवावा. घरमालकाने टीव्ही दिला आहे म्हणजे परवानाही त्यानेच घेतला आहे, असे गृहीत धरू नये. करारात तसे लिहिलेले नसेल, तर विचारून लेखी उत्तर घ्यावे.

विद्यार्थ्यांसाठी एक सवलत आहे. आईवडिलांच्या घरचा परवाना असेल, तर वसतिगृहात राहणारा मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणावर टीव्ही पाहू शकते. मात्र पाहताना ते उपकरण विजेच्या प्लगला किंवा अँटेनाला जोडलेले नसावे. ही सवलत ब्रिटनमध्येच वाढलेल्या आपल्या मुलांच्या उपयोगाची आहे. नागपूर किंवा नाशिकहून थेट मास्टर्ससाठी आलेल्या विद्यार्थ्याच्या आईवडिलांकडे ब्रिटिश परवाना असण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे त्याला तिचा आधार नाही. वसतिगृहाच्या सामायिक दिवाणखान्यातील टीव्हीसाठी विद्यापीठाने घेतलेला परवाना त्याच्या खोलीतील लॅपटॉपला लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बॅटरीचा हाच नियम आपल्यालाही लागू आहे. घरचा परवाना असेल, तर आगगाडीत मोबाइलवर सामना पाहण्यास हरकत नाही. कार्यालयात मात्र चार्जर लावून पाहायचे असेल, तर कार्यालयाचा परवाना लागतो. मंडळाने सभागृह भाड्याने घेऊन पडद्यावर विश्वचषकाचा सामना थेट दाखवायचे ठरवले, तर त्या जागेचा परवाना आहे का, हे आधी विचारावे. कार्यवाहांच्या घरचा परवाना तेथे चालत नाही.

शुल्क, हप्ते आणि सवलती

१९४६ साली टीव्हीचा पहिला परवाना दोन पौंडांना मिळत असे. १ एप्रिल २०२५ पासून रंगीत टीव्हीच्या परवान्याचे वार्षिक शुल्क १७४.५० पौंड झाले. कृष्णधवल संचाचा परवाना अजूनही अस्तित्वात असून त्याचे शुल्क ५८.५० पौंड ठरले. २०२२ आणि २०२३ ही दोन वर्षे दर १५९ पौंडांवर गोठवलेला होता. २०२४ मध्ये तो १६९.५० पौंड झाला. बीबीसीची सध्याची सनद संपेपर्यंत दर एप्रिलमध्ये महागाईनुसार त्यात वाढ करण्याचे धोरण आहे, त्यामुळे पैसे भरताना त्या वर्षीचा दर पाहून घ्यावा.

रक्कम एकदम भरता येते किंवा डायरेक्ट डेबिटने हप्त्यांत. मासिक हप्त्यांबाबत नवागतांचा एक गैरसमज होतो. पहिल्या परवान्याची पूर्ण रक्कम पहिल्या सहा महिन्यांतच वसूल केली जाते, त्यामुळे १७४.५० पौंडांच्या दराने सुरुवातीचे हप्ते सुमारे २९ पौंडांचे असतात. त्यानंतर पुढील वर्षाचे हप्ते बारा महिन्यांत विभागले जातात आणि ते सुमारे साडेचौदा पौंडांवर येतात. तिमाही हप्त्यांची पद्धत निवडल्यास प्रत्येक हप्त्यामागे सव्वा पौंड अधिक द्यावा लागतो. हप्ता भरणे जड जात असेल, तर परवाना बंद पडू देण्याआधी यंत्रणेशी बोलून सोपी परतफेड योजना मागावी.

सवलतींपैकी दोन आपल्या कुटुंबांशी संबंधित आहेत. दृष्टी गंभीररीत्या अधू असल्याचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला निम्मे शुल्क पडते. दुसरी सवलत ज्येष्ठांची. २००० पासून ७५ वर्षांवरील सर्वांना परवाना विनामूल्य होता; १ ऑगस्ट २०२० पासून तो फक्त पेन्शन क्रेडिट मिळणाऱ्या ज्येष्ठांपुरता उरला. पेन्शन क्रेडिट हा सार्वजनिक निधीतून मिळणारा लाभ आहे. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ घेण्यास मनाई असल्याची अट आहे, त्यांना तो मागता येत नाही. भारतातून आलेली ऐंशी वर्षांची आई घरात आहे, म्हणून परवाना फुकट मिळेल, ही समजूत अशा घरांत चुकीची ठरते. याउलट अनेक दशके येथे राहिलेल्या, पेन्शन क्रेडिट मिळणाऱ्या आजीच्या नावावर विनामूल्य परवाना असेल, तर तो तिच्याबरोबर राहणाऱ्या साऱ्या घराला पुरतो.

दारावर येणारा अधिकारी आणि दार उघडणारी व्यक्ती

परवान्याची अंमलबजावणी १९९१ पासून बीबीसीकडे आहे. ‘टीव्ही लायसन्सिंग’ हे त्या कामासाठी वापरले जाणारे नाव आहे. प्रत्यक्ष काम कंत्राटी कंपन्या करतात. त्यांतील प्रमुख कंपनी म्हणजे कॅपिटा. दारावर येणारा अधिकारी हा पोलीस नसतो. त्याला आपले ओळखपत्र दाखवावे लागते आणि येण्याचे कारण सांगावे लागते. आपल्या परवानगीशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नाही. परवानगी नाकारली, तर तो न्यायदंडाधिकाऱ्याकडे, स्कॉटलंडमध्ये शेरीफकडे, झडतीच्या वॉरंटसाठी अर्ज करू शकतो. असे वॉरंट मिळाल्यास ते महिनाभर लागू राहते आणि मग अडथळा आणणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. वॉरंट नसताना मात्र ‘आत्ता आत येता येणार नाही’ असे सौजन्याने सांगणे पूर्णपणे कायदेशीर आहे.

परवान्याशिवाय टीव्ही पाहिला जात असल्याचा संशय आला, तर अधिकारी कायदेशीर ताकीद देऊन प्रश्न विचारतो. तुम्ही काही बोलायलाच हवे असे नाही, मात्र जे बोलाल ते पुराव्यात घेतले जाऊ शकते, असा त्या ताकिदीचा आशय असतो. उत्तरे एका फॉर्मवर लिहिली जातात आणि त्यावर सही मागितली जाते. पुढच्या खटल्याचा पाया बहुधा हाच कागद असतो.

ही सही कोण करते, हा खरा प्रश्न आहे. कायदा गुन्हेगार ठरवतो तो ‘वापरणाऱ्याला’. भाडेकरार, वीजबिल, काउन्सिल टॅक्स पतीच्या नावावर असेल, पगारही त्याचाच येत असेल. पण दुपारी दोन वाजता दार उघडून ‘हो, आम्ही टीव्ही पाहतो’ असे सांगणारी आणि कागदावर सही करणारी पत्नी असेल, तर खटला तिच्यावर होऊ शकतो. हे केवळ कल्पनेतले उदाहरण नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये या गुन्ह्यासाठी दोषी ठरलेल्यांत अनेक वर्षे सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया आहेत. बीबीसीने २०१७ मध्ये या विषमतेचा आढावा प्रसिद्ध केला. दिवसा घरी असण्याची आणि दार उघडण्याची शक्यता स्त्रियांच्या बाबतीत अधिक असते, हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले.

आपल्या समाजात हा धोका अधिक ठळक आहे. डिपेन्डंट व्हिसावर नुकतीच आलेली, लहान मूल कडेवर घेतलेली, येथल्या इंग्रजी उच्चारांना अजून न रुळलेली तरुणी गणवेशासारखा कोट घातलेला माणूस पाहून गोंधळते. पाहुण्याला आत बोलवावे, विचारलेल्याला उत्तर द्यावे, कागद पुढे केला तर सही करावी, हे आपले संस्कार. परवान्याचे पत्र कधीतरी घरी आले होते, हे तिला बऱ्याचदा ठाऊकही नसते. म्हणून परवान्याविषयीचा निर्णय घरातील एकाने परस्पर घेऊ नये. परवाना आहे की नाही, नसेल तर का नाही, दारावर कोणी आले तर काय सांगायचे, हे घरातील प्रत्येक प्रौढाला माहीत असावे. आईवडील आले असतील तर त्यांनाही. खोटे बोलण्याचा सल्ला येथे अजिबात नाही. न समजलेल्या प्रश्नाला अंदाजाने ‘येस’ म्हणू नये आणि न वाचलेल्या कागदावर सही करू नये, एवढेच.

खटला आणि दंड

या गुन्ह्यासाठी कमाल दंड १,००० पौंड आहे. तुरुंगवासाची शिक्षा नाही. पण न्यायालयाने ठोठावलेला दंड ऐपत असूनही भरला नाही, तर त्या थकबाकीसाठी तुरुंगाची पाळी येऊ शकते. तेथवर प्रकरण क्वचितच जाते. त्याआधी पगारातून कपात किंवा जप्ती अधिकाऱ्यांची भेट असे उपाय योजले जातात.

प्रत्यक्ष दंड प्रकरणाच्या गांभीर्यावर आणि उत्पन्नावर ठरतो. इंग्लंड आणि वेल्समधील शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दंडाच्या श्रेणी आठवड्याच्या उत्पन्नाशी जोडल्या आहेत. ‘अ’ श्रेणी म्हणजे साधारण अर्ध्या आठवड्याचे उत्पन्न, ‘ब’ म्हणजे साधारण एका आठवड्याचे. सहा महिन्यांहून अधिक काळ परवाना नसणे, परवाना घेण्याचा प्रयत्नच न करणे, स्कायसारखी सशुल्क सेवा मात्र घेतलेली असणे, या गोष्टी दोष वाढवतात. परवाना असल्याचा प्रामाणिक गैरसमज, जबाबदारी नेमकी कोणाची याबाबतचा गोंधळ, चूक लक्षात येताच घेतलेला परवाना, यांनी तो सौम्य होतो. गुन्हा पहिल्याच संधीला मान्य केल्यास दंडात एक तृतीयांश सूट मिळते. पण दंडावर अधिभार येतो. प्रौढांसाठी तो दंडाच्या ४० टक्के आहे. म्हणजे २०० पौंड दंड झाला, तर ८० पौंड त्यावर आणि फिर्यादी पक्षाचा खर्च आणखी वेगळा. पहिल्यांदाच सापडलेल्या व्यक्तीने लगेच परवाना घेतला, तर खटला न भरण्याचा विचार केला जातो. तो मात्र हक्क नव्हे.

स्कॉटलंडमध्ये प्रकरण प्रॉक्युरेटर फिस्कलकडे जाते आणि पुढे काय करायचे ते तो ठरवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ पासून ही प्रकरणे ‘सिंगल जस्टिस प्रोसिजर’ या पद्धतीने चालतात : एकच न्यायदंडाधिकारी, सोबत कायदेविषयक सल्लागार, आणि समोर फक्त कागद. आरोपी हजर नसतो. नोटीस टपालाने येते आणि उत्तर देण्यास २१ दिवस मिळतात. गुन्हा अमान्य केला, तर रीतसर सुनावणी होते. काहीच उत्तर दिले नाही, तर प्रकरण आपल्या माघारी निकाली निघते.

वारंवार घर बदलणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि नव्या भाडेकरूने ती फेकून दिली, तर आपल्या नावावर दोषसिद्धी झाल्याचे आपल्याला दंडवसुलीच्या पत्रातूनच कळते. अशा वेळी दंड भरून मोकळे होण्याची घाई करू नये. कार्यवाहीची माहितीच नव्हती, असे शपथेवरील निवेदन, माहिती मिळाल्यापासून २१ दिवसांत न्यायालयात दिल्यास ती दोषसिद्धी रद्द होऊन प्रकरण पुन्हा सुरुवातीपासून चालते.

व्हिसा आणि नागरिकत्वाचा प्रश्न

ब्रिटिश शेजारी सांगतो, ‘अरे, एवढ्याशा गोष्टीने काही रेकॉर्ड होत नाही.’ त्याच्यापुरते ते बरेचसे खरे आहे. हा गुन्हा ‘नोंदणीयोग्य’ गुन्ह्यांत मोडत नाही, त्यामुळे पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावर त्याची सामान्यतः नोंद होत नाही. शिवाय प्रौढ व्यक्तीला झालेला दंड वर्षभरानंतर ‘कालबाह्य’ मानला जातो आणि बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जांत तो सांगावा लागत नाही.

आपले गणित येथे वेगळे होते. कालबाह्य दोषसिद्धीचे हे संरक्षण इमिग्रेशन आणि नागरिकत्वाच्या निर्णयांना लागू नाही. २०१२ पासून कायद्यानेच तसे ठरवले आहे. व्हिसा वाढवणे, कायमस्वरूपी वास्तव्य आणि नागरिकत्व यांच्या अर्जांत गुन्ह्यांविषयी प्रश्न असतात आणि दंडाच्या स्वरूपातील दोषसिद्धीही तेथे सांगावी लागते. एका लहानशा दंडामुळे अर्ज फेटाळला जाईलच, असे मुळीच नाही; अधिकारी प्रकरणाचे स्वरूप, काळ आणि एकूण वर्तन पाहतो. पण तो प्रश्न आता त्याच्या विवेकावर सोपवला गेलेला असतो. आणि ‘किरकोळ आहे’ म्हणून दोषसिद्धी दडवली, तर मूळ दंडापेक्षा ते दडवणेच अर्ज फेटाळण्याचे अधिक गंभीर कारण ठरू शकते. दोषसिद्धी झालेली असेल, तर अर्जापूर्वी पात्रताधारक इमिग्रेशन सल्लागाराशी बोलणे शहाणपणाचे.

गरज नसेल तर, घर बदलताना, परतताना

परवान्याची खरोखरच गरज नसेल, तर टीव्ही लायसन्सिंगच्या संकेतस्थळावर ‘परवान्याची गरज नाही’ अशी नोंद करता येते. ही नोंद करण्याचे कायद्याने बंधन नाही, पण त्यामुळे पत्रांचा ओघ थांबतो. साधारण दोन वर्षांनी पुन्हा विचारणा होते आणि खातरजमेसाठी भेटही दिली जाऊ शकते. नोंद केल्यावर मात्र घरातील सर्वांनी तिला जागायला हवे. निवडणुकीच्या रात्री ‘आजच्यापुरते’ लावलेली थेट वाहिनीसुद्धा नियमाबाहेर जाते.

घर बदलले की परवाना आपोआप नव्या पत्त्यावर येत नाही. बँक आणि डॉक्टरप्रमाणे येथेही पत्ता बदलावा लागतो. जुन्या पत्त्याचे पैसे चालू आणि नव्या पत्त्यावर परवाना नाही, अशी स्थिती अनेकांची नकळत होते.

भारतात परतताना किंवा परवान्याची गरज संपल्यावर उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागता येतात. फक्त बँकेतील डायरेक्ट डेबिट बंद करून निघून जाऊ नये. आधी परवाना रद्द करावा, परताव्याचा अर्ज करावा आणि मगच ब्रिटनमधील बँक खाते बंद करावे.

‘आपला परवाना संपला, त्वरित पैसे भरा’ अशा बनावट ईमेल आणि संदेशांचाही सुळसुळाट आहे. आपले नाव नसलेल्या आणि तातडी दाखवणाऱ्या संदेशातील दुवा उघडू नये. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकून आत जावे. मोबाइलवर आलेला असा संदेश ७७२६ या क्रमांकावर पाठवून देता येतो.

पुढे काय?

या गुन्ह्याला फौजदारी कक्षेतून वगळावे का, यावर ब्रिटनमध्ये जुना वाद आहे. २०१५ मध्ये डेव्हिड पेरी यांच्या अहवालाने सध्याच्या परवाना पद्धतीत फौजदारी तरतूद कायम ठेवावी, असे सुचवले. २०२० मध्ये सरकारने पुन्हा जनमत मागवले आणि जानेवारी २०२१ मध्ये बदल तूर्त न करण्याचे ठरवले. बीबीसीची सनद ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. त्यानंतर परवाना शुल्क राहील, त्याचे रूप पालटेल की दुसरीच व्यवस्था येईल, याचा निर्णय सनदेच्या नूतनीकरणात होईल.

तोवर मात्र आजचा कायदा लागू आहे आणि त्याचे पालन अवघड नाही. या आठवड्यात जेवताना घरातील सर्वांनी मिळून एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे : आपण कोणीही, कशावरही, काहीही थेट पाहतो का? उत्तर ‘हो’ असेल तर परवाना घ्यावा. ‘नाही’ असेल तर तशी नोंद करावी. मग दारावर कोणीही आले आणि घरातील कोणीही दार उघडले, तरी उत्तर एकच आणि खरे असेल.